टाका लपवायचा नाही

(सोलापुरात गोधडी शिवणाऱ्या बायांच्या बैठकीत केलेलं भाषण)



बायांनो, आणि मागं भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या पोरांनो, पुढं या. जागा आहे. गोधडीवर बसायला लाजू नका. जन्मल्यापासून तिच्यावरच मुतलात आणि तिच्याखालीच झोपलात. तिच्यावर बसून तिच्याबद्दल दोन शब्द ऐकायला काय हरकत आहे?

मला भाषण येत नाही. मला टाका येतो. पण काल संध्याकाळी इथं भांडण झालं, आणि त्या भांडणात चूक माझी होती, म्हणून आज बोलायला उभी राहिले.

नवीन आलेल्यांसाठी सांगते. आपण दर महिन्याला जमतो. कुणी सेटलमेंटातून येतं, कुणी पूर्व भागातून, कुणी तांड्यावरून एस.टी. पकडून. जिनं जे शिवलं ते ती इथं अंथरते. आधी आपण गोधडी उलटी करतो. पुढची बाजू कुणीही सजवील, बाई कशी शिवते ते मागून कळतं. मग जिला जे येतं ते ती दुसरीला दाखवते. विणकराच्या घरातली आपली पद्मशाली मैत्रीण आली, तिनं विणकराची गाठ शिकवली. माग चालू असताना सूत तुटलं तर विणकर जी गाठ मारतो ती. लहान असते आणि सुटत नाही. आम्ही जन्मभर दोरा संपला की गड्डा मारत होतो, तो पाठीला टोचायचा. तिच्या एका गाठीनं तो टोचायचा थांबला. लमाणी बाईनं आरशाभोवतीचा टाका दाखवला. शिंपीकाम करणाऱ्या मुसलमान बाईनं तिरकं कापड कसं कापायचं ते दाखवलं. ती म्हणाली, तिरकं कापलेलं कापड ताणतं, म्हणून काठाला तेच लावा. मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू. चार भाषा, सुई एकच.

आणि काल सगळ्यांनी मला म्हटलं, तुमचा कोपरा दाखवा. माझ्या गोधडीचा कोपरा वीस वर्षं वापरली तरी वळत नाही. मी म्हणाले, नाही दाखवणार. त्यावर एक पोरगी म्हणाली, “मावशी, आमच्याकडनं सगळं घेतलं, द्यायची वेळ आली की कोपरा लपवला बघा.” मी चिडले. पिशवी उचलली आणि घरी गेले. रात्रभर झोप नाही.

आता ऐका, मी का लपवला.

माझी आई गोधड्या शिवून द्यायची. बहात्तरच्या दुष्काळात दिवसभर खडी फोडायची, सुकडी घेऊन यायची, आणि रात्री चिमणीच्या उजेडात लोकांची लुगडी जोडायची. मी तेव्हा सात वर्षांची. सुईत दोरा ओवून द्यायचं काम माझं, कारण तिला रात्री दिसायचं नाही. गोधडी पुरी झाली की आम्ही ती त्या घरी पोचवायला जायचो. घराचं नाव सांगत नाही, ते एकच घर नव्हतं. आम्ही ओट्याच्या खाली उभं राहायचं. गोधडी खाली ठेवायची. आतली बाई तांब्या घेऊन यायची, गोधडीवर पाणी शिंपडायची, मग उचलायची. आणि रात्री त्याच गोधडीखाली अख्खं घर झोपायचं.

मी आईला विचारलं, “पाणी शिंपडल्यावर आपण धुवून निघतो का?” आई म्हणाली, “आपण न्हाय निघत. टाके हायेत ते आपले. ते कसे धुतील?”

मित्रांनो, ब्राह्मणी व्यवस्थेला यापेक्षा मोठं उत्तर मी अजून कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. दहा हजार टाके. प्रत्येक टाक्याला आईच्या बोटाचा घाम. चार थेंब पाण्यानं तो विटाळ जातो म्हणणारे शहाणे होते, आणि आम्ही अडाणी!

आईकडं सातबारा नव्हता. सोनं नव्हतं. कोपरा होता. गावातल्या इतर शिवणाऱ्या बायांपेक्षा तिला चार कामं जास्त मिळायची ती त्या कोपऱ्यामुळं. मरताना माझा हात धरून म्हणाली, “कुणाला दावू नको. तुझ्या पोटाचं हाय ते.” म्हणून मी लपवला.

रात्री विचार केला. आई कुणापासून लपवत होती? आणि मी कुणापासून लपवते आहे?

पोरांनो, तुम्ही सोलापूर म्हटलं की चादर म्हणता. सोलापुरी चादर, सोलापुरी टॉवेल. या दोन्ही मालांना सरकारी भौगोलिक निर्देशांक आहे, म्हणजे हे नाव दुसऱ्या कुठल्या गावानं लावायचं नाही. चांगलं आहे. गावाचं नाव राखलं. पण जिनं कांडी भरली, ज्यानं माग चालवला, जिनं टॉवेलाचे काठ शिवले, त्यांचं नाव कुठं आहे?

या शहरात पहिली गिरणी 1877 साली सुरू झाली. तिला पुढं सगळे जुनी मिल म्हणायला लागले. भोंगा वाजला की शहर उठायचं. पण भोंगा सगळ्यांना उठवायचा, आणि कामाच्या खात्यांपाशी जात उभी असायची. मुंबईच्या गिरण्यांची गोष्ट तर लिहून ठेवलेली आहे. आपली माणसं सूतखात्यात चालायची, साचेखात्यात नाही. साचेखात्यात पगार चांगला. मग तिथं का नाही? कारण धोटा. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची, आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून बाहेर काढायचं. आज त्या धोट्याला एकाचं तोंड, उद्या दुसऱ्याचं. महाराच्या तोंडाचा धोटा आपल्या तोंडाला कसा लावायचा? म्हणून महार साचेखात्यात नको. लाल बावट्याखाली एकत्र मोर्चे काढायचे, आणि धोटा मात्र वेगळा!

1928 च्या मुंबईच्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे संपाच्या पुढाऱ्यांना तोंडावर विचारलं. अस्पृश्य कामगाराला सगळ्या खात्यांत काम मिळालं पाहिजे ही मागणी घेणार की नाही? नाही घेतली तर आमच्या माणसांना मी संपापासून दूर राहायला सांगीन. तेव्हा कुठं, नाखुशीनं, ती मागणी यादीत आली. आणि मालक काय म्हणाले? हा अन्याय असेल तर तो काही आम्ही केलेला नाही. खोटं नव्हतं ते. तो अन्याय शेजारच्या मागावरच्या कामगारानं केलेला होता.

आता सेटलमेंटचं बघा. इथं बसलेल्या निम्म्या बाया तिथल्या. इंग्रजांनी 1871 साली कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेचं कुंपण घातलं. आत माणसं, बाहेर गिरण्या. हजेरी द्यायची, गिरणीत राबायचं, परत तारेच्या आत. ज्यांना चोर म्हटलं त्यांच्या हातांनी सूत काढलं, आणि ते कापड अंगावर घालून शहर सभ्य झालं. तो कायदा 1952 साली गेला. कुंपण गेलं. वस्तीचं नाव अजून सेटलमेंटच आहे. आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आपली पोरगी अजून अडखळते.

ही सूताची हकिगत आहे. सूत काढायला आम्ही, ते तोंडाला लावायला मात्र नको आम्ही. गोधडी शिवायला आम्ही, उचलायच्या आधी पाणी. म्हणजे हात पाहिजेत, माणूस नको.

बाबासाहेबांनी सांगितलं होतं की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्यांची वाटणी आहे. माझ्या अडाणी भाषेत सांगायचं तर प्रत्येकाचा हुन्नर त्याच्या घरात कोंडायचा, दाराला जातीचं कुलूप लावायचं, आणि किल्ली भलत्याच्या कमरेला. विणकराची गाठ विणकराकडं, लमाणी टाका तांड्यावर, आईचा कोपरा माझ्याकडं. सगळे एकेकटे, सगळे गरीब. मग रात्री मला कळलं, मी काल कोपरा नव्हता लपवला. मी जातच चालवत होते. जय भीम म्हणत म्हणत चालवत होते.

आता दुसरी गोष्ट. ती जास्त अवघड आहे.

मागच्या आठवड्यात पुण्याकडचा एक व्यापारी येऊन गेला. माणूस गोड बोलणारा. त्याला दोनशे गोधड्या पाहिजेत. पण सगळ्या एकसारख्या. वरून पांढरी आणि राखाडी, रंग नको, कारण त्याच्या गिऱ्हाइकांना भडक चालत नाही. लेबल त्याचं. आपलं नाव कुठंच नाही. आणि आपल्यापैकी दोघींनी जाऊन त्याच्या कारखान्यातल्या मुलींना शिकवायचं.

काही जणी म्हणाल्या घेऊ या. काही म्हणाल्या हाकलून द्या. हाकलून द्या म्हणणाऱ्यांत पोरं पुढं होती. पोरांनो, हाकलून द्या म्हणणं सोपं आहे. विड्या वळून ज्या बाईच्या बोटांच्या कातडीला तंबाखूचा रंग चढलाय, तिला चार पैसे वर मिळत असतील तर नाही म्हणायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? गोधडी ही कला आहे असं आज शहाणे लोक म्हणायला लागले. आम्ही कला म्हणून नाही शिवली. थंडी वाजत होती म्हणून शिवली. रजई घ्यायला पैसा नव्हता म्हणून शिवली. पैसा मिळत असेल तर तो घ्यायचाच. प्रश्न एवढाच, की काय विकायचं आणि काय नाही विकायचं.

याचा एक धडा लांबून आलेला आहे. तो सांगते.

1972 साली मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर काढली. नाव घेतलं अमेरिकेतल्या काळ्या पँथरवरून, हे तुम्हाला माहीत आहे. पण तो काळा पँथर पहिल्यांदा कुठं दिसला? अमेरिकेच्या दक्षिणेत अलाबामा नावाचं राज्य आहे. तिथं लाउन्डस नावाच्या काउंटीत, काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं, काळ्या शेतमजुरांनी मतदानाच्या हक्कासाठी स्वतःचा पक्ष काढला. निशाणी काळा पँथर. ऑकलंडच्या पोरांनी 1966 साली ती तिथून उचलली.

आता लाउन्डसच्या शेजारची काउंटी बघा. विलकॉक्स. त्याच 1966 साली तिथं काळ्या बायांनी एक सहकारी संस्था काढली. कशाची? गोधड्यांची! नाव फ्रीडम क्विल्टिंग बी, म्हणजे स्वातंत्र्याच्या गोधड्या शिवणाऱ्या बायांचा मेळ. एका काउंटीत पँथर, बांधाला लागून दुसऱ्या काउंटीत गोधडी. आपण पँथर घेऊन आलो. गोधडी तिथंच विसरून आलो. कारण पँथर पोरांनी आणला, आणि पोरांना गोधडी दिसत नाही, ती अंगावर असते तरी.

त्या भागात जीज बेंड नावाची वस्ती आहे, तीन बाजूंनी नदी. पलीकडं काउंटीचं मुख्य गाव. काळे लोक मतदार म्हणून नाव नोंदवायला नदी ओलांडून जायला लागले, तर 1962 साली तिथली नावच बंद केली. ती परत सुरू व्हायला 2006 साल उजाडलं. चव्वेचाळीस वर्षं! त्या वस्तीतल्या बाया जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या. गुडघ्यावर विरलेली पँट, खिसा उसवल्यावर खाली राहिलेला गडद चौकोन, सगळं तसंच गोधडीत. आपल्यासारखंच.

संस्थेनं मोठ्या दुकानांच्या ऑर्डरी घेतल्या. पैसा आला. जमीन घेऊन शिवणकामाची इमारत बांधली. पण दुकानाला एकसारखा माल पाहिजे होता. एकच नमुना, एकच माप. जिच्या हाताला स्वतःचा नमुना सुचायचा तिला तो घरी ठेवून यावं लागलं. पुढं 2002 साली याच जीज बेंडच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या मोठ्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या. 2006 साली त्यांची टपाल तिकिटं निघाली. आणि 2007 साली त्यातल्याच काही बायांना आपल्या पैशासाठी आणि आपल्या नमुन्यांच्या हक्कासाठी कोर्टात जावं लागलं. पुढच्या वर्षी तडजोड झाली.

धडा दोन्हीकडून आहे. सहकारी संस्था केली म्हणून त्या उभ्या राहिल्या. एकेकटी राहिली असती तर कुणी विचारलं नसतं. आणि भिंतीवर लागल्यावरही, कागद आधी नीट केला नाही तर भांडावं लागतंच. तिथंही लागलं.

म्हणून माझं म्हणणं असं. व्यापाऱ्याला बोलवायचं. सरळ सांगायचं, शंभर गोधड्या तुझ्या मापाच्या आणि तुझ्या रंगाच्या, शंभर आमच्या मनाच्या. प्रत्येक गोधडीच्या मागं, खालच्या कोपऱ्यात, शिवणारीचं नाव दोऱ्यानं लिहिलेलं असेल. ते उसवायचं नाही, त्यावर लेबल लावायचं नाही. भाव नगावर नाही, टाक्यावर. एका वितीत किती टाके ते मोजायचं, दाट टाक्याला जास्त दाम. निम्मे पैसे आधी. सगळं कागदावर, मराठीत, आपल्या वकिलानं वाचलेलं. शिकवायला जायचं तर शिकवणीचे वेगळे पैसे, आणि ज्या मुली शिकतील त्यांना या बैठकीला यायची मोकळीक. त्या मुली काही आपल्या वैरी नाहीत. त्याला मंजूर असेल तर ठीक. नसेल तर त्याची वाट पुण्याला जाते, आपली इथंच आहे.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी घाबरू नये. नाव नसेल तर खूण टाका. पान, चूल, विळा, काहीही. पण आपली खूण. या देशात मंदिराच्या पायरीवर दान देणाऱ्याचं नाव कोरतात. गोधडीवर शिवणारीचं नाव का नको?

आपण बौद्ध. आपल्या भिक्खूंचं चीवर बघितलंय? नीट बघा, ते अखंड कापड नाही. तुकड्यांचं असतं, मधे शिवण. विनयात लिहिलेलं आहे, बुद्धांनी मगधातली शेतं दाखवली, चौकोनी वाफे आणि मधे बांध, आणि आनंदाला विचारलं, असं चीवर होईल का? आनंदानं तसं कापलं, तसं जोडलं. आणि सुरुवातीचे भिक्खू तर उकिरड्यावरच्या, मसणातल्या टाकलेल्या चिंध्या गोळा करून नेसायचे. राजाचा मुलगा चिंध्यांचं वस्त्र नेसतो, आणि शिवायची रीत साऱ्या संघाला सांगतो. त्यानं काही लपवलं नाही. मग मी कोण लपवणारी?

पोरांनो, तुम्हाला शेवटचं. तुम्ही कविता लिहिता, पत्रकं छापता, घोषणा देता. द्या. पण घरी जाऊन एकदा आईची गोधडी उलटी करा. कुठलं लुगडं कुणाचं ते तिला विचारा. हा तुकडा आजीचा, हा बाबाच्या गिरणीतल्या सदऱ्याचा, गिरणी बंद पडली त्या वर्षीचा, हा मेलेल्या बहिणीच्या झबल्याचा. आपला इतिहास कुणी दप्तरात लिहून ठेवला नाही. तो तिथं टाचलेला आहे. आणि तो वाचायचा असेल तर सुई धरायला शिका. पुढच्या महिन्यापासून पोरांनी नुसतं उभं राहायचं नाही.

आई, मला माफ कर. तू लपवलास ते बरोबर होतं, तुझ्याभोवती पाणी शिंपडणारे होते. माझ्याभोवती माझ्याच बाया आहेत.

तर आता बघा. सुया ओवा. आपण कडेनं आत शिवत येतो, चौकोनात चौकोन. कोपरा वळतो कारण वळणावर आपण दोरा ओढतो. ओढायचा नाही. कोपऱ्याच्या चार बोटं आधी टाका लहान करायचा. वळणावर तीन टाके अगदी बारीक, तांदळाच्या दाण्याएवढे. वळलात की दोरा सैल सोडायचा. पोटात कापड फुगल्यासारखं वाटेल, वाटू द्या, तळव्यानं ते मध्याकडं सारा. दुसरी ओळ त्या कोपऱ्याशी आली की मग पहिल्या ओळीचा दोरा हळू ओढून घ्यायचा. एवढंच. आत पोलिस्टर असेल तर आधी चार-चार बोटांवर टाचून घ्या, ते निसटतं. टॉवेलाचं कात्रण असेल तर एकच थर, नाहीतर सुई मोडेल.

दिसलं का? ज्या पोरीनं काल मला बोल लावला, ती कुठाय? ये बाळा, इथं माझ्या शेजारी बस. पहिला कोपरा तू घाल.